यादीत मावशी नाही

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे पोटकलम म्हणायचे. तोंडावर साहेब, पाठ फिरली की पोटकलम. ह्यांना ते माहीत होतं, आणि राग यायचा तो भलत्याच गोष्टीचा. "पोटकलम कायद्याला असतं. मी नियम करतो. नियमाला पोटनियम असतो," असं हे मला जेवताना समजावायचे. अशा माणसापुढे काय बोलायचं? मी विचारायचे, भाजी वाढू, की तिलाही पोटनियम आहे?

नोकरी तुरुंग खात्यातली. तुरुंगात नव्हे हं. तुरुंगाचे नियम जिथे लिहितात त्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत चौतीस वर्षं. कैद्याला कांबळी किती, भेट किती मिनिटांची, पत्र किती पानांचं, सगळं ह्यांच्या हाताखालून गेलेलं. कांबळ्यांचा नियम करताना हे ऐन थंडीत बाल्कनीत एका कांबळ्यावर झोपले, तापाने फणफणले आणि नियमात दोन कांबळी लिहिली. कागद हातात आला की शर्टाच्या खिशातून लाल पेन्सिल निघायचीच. विजेचं बिल असो की माझ्या भावाचं पत्र, एक तरी चूक सापडल्याशिवाय कागद खाली ठेवायचा नाही. मी टेलिफोन ऑफिसात होते. तीन मिनिटं झाली की लोकांचं बोलणं तोडायचं, हे माझं काम. घरात मात्र ह्यांचं बोलणं मला कधी तोडता आलं नाही.

घरात आम्ही तिघं. हे, मी आणि मावशी. मूलबाळ झालं नाही. मावशी म्हणजे ह्यांची मावशी. ह्यांची आई गेली तेव्हा हे चार वर्षांचे, वडील त्याआधीच गेलेले. मावशी तेव्हा एकवीस वर्षांची, इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. तिचं लग्न ठरलं होतं. पोराला बरोबर आणणार म्हटल्यावर त्या लोकांनी तोंड फिरवलं, आणि तिने पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. धुलाईखान्यातल्या गरम पाइपांपाशी बसून ह्यांनी बाराखडी गिरवली.

पण ह्यांनी तिला आई म्हटलेलं तिला कधी खपलं नाही. "आई एकच असते. तुझी आई म्हणजे माझी बहीण, ती गेली. मी मावशी," असं ठणकावून सांगायची. शाळेच्या दाखल्यावर, परीक्षेच्या अर्जावर, नोकरी लागल्यावर सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर, जिथे जिथे आईचं विचारलं तिथे तिथे शेजारी बसून तिने ह्यांच्याकडून लिहून घेतलं: मयत. ह्यांना ती ढब्बू म्हणायची. साठी उलटली तरी ढब्बू. ऑफिसात ज्याला सगळे टरकून असायचे तो माणूस घरात पाऊल टाकताच ढब्बू व्हायचा.

माझं आणि तिचं? काय सांगू. अडतीस वर्षं आम्ही भांडलो. मीठ, किल्ल्या, खिडकी उघडी की बंद. चादरीच्या घड्यांचं तर विचारूच नका. मी घातलेली प्रत्येक घडी ती माझ्यादेखत मोडायची आणि पुन्हा घालायची. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की शेवटी ठरलेलं वाक्य यायचं: "तुम्ही कुठे माझ्या सासू आहात? मावशी आहात, मावशीसारख्या राहा!" तीही काही कमी नव्हती. चारचौघांत मला कधी सून म्हणाली नाही. म्हणायची, "ही आमच्या ढब्बूची बायको."

आता नियम सतरा. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एकवीस वर्षांपूर्वीचा एक रविवार. हे जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते, मावशी पलीकडे तांदूळ निवडत होती, मी कपडे आवरत होते. नियम असा, की घरचं जवळचं माणूस मरणाच्या दारात असेल तर कैद्याला एक दिवस पहाऱ्यात घरी न्यायचं. ही ह्यांचीच कल्पना. त्यासाठी हे दोन वर्षं वरिष्ठांच्या मागे लागले होते. पण जवळचं माणूस म्हणजे कोण? हे मोठ्याने वाचायला लागले: आई, वडील, नवरा किंवा बायको, मुलगा, मुलगी, सख्खा भाऊ, सख्खी बहीण. आणि शेवटी, 'किंवा जिने अथवा ज्याने कैद्याला लहानाचं मोठं केलं अशी व्यक्ती.' तिथे हे थांबले. लाल पेन्सिल निघाली.

"ही फट राहते," हे म्हणाले. "उद्या कुणीही उठून म्हणेल, मला शेजारणीने वाढवलं. पुरावा काय?" आणि ती ओळ खोडली.

मी म्हटलं, "घ्या मावशी, तुमचा पत्ता कटला!"

ती हसली. आम्ही तिघंही हसलो. तांदळातला खडा बाजूला टाकत ती म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. नियम म्हणजे नियम." ते हसणं आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

हे निवृत्त होऊन तीन वर्षं झाली असतील. एका सकाळी ह्यांच्या ऑफिसातला जुना शिपाई दारात येऊन उभा राहिला. त्याची मुलगी शाळेत गणित शिकवायची. कसल्याशा पत्रकावर सही केली म्हणून तिला गाडीत घालून नेलं होतं. एकोणीस दिवस झाले होते आणि कुठे ठेवलंय हे कुणी सांगत नव्हतं.

हे ताडकन उठले. "असं करताच येत नाही. नियम नऊ. चोवीस तासांत घरच्यांना कळवायलाच पाहिजे."

शिपाई म्हणाला, "साहेब, नियम नऊ गेल्या महिन्यात काढून टाकला."

हे दोन दिवस धड जेवले नाहीत. मग पत्रं लिहिली, सात जणांना. एकाचंही उत्तर नाही. मग पुठ्ठा आणला, रंगाची डबी आणली आणि टेबलावरच बोर्ड रंगवला: 'कुणाला नेलं, कुठे ठेवलं, घरच्यांना सांगा.' बस्स, एवढंच. ना कुणाचं नाव, ना मुर्दाबाद. आपल्याच जुन्या कचेरीसमोर, दर सोमवारी अकरा ते एक उभं राहायचं. पाच जण जमले तर परवानगी लागते, म्हणून हे, शिपाई आणि दोन निवृत्त कारकून असे चौघंच. फाटकापासून पन्नास मीटर लांब उभं राहावं लागतं, म्हणून हे घरून टेप घेऊन गेले, अंतर मोजलं आणि फुटपाथवर खडूने रेघ मारली.

मी म्हटलं, "अहो, सरकारशी भांडायला निघालात की प्लॉट मोजायला?"

"नियमात राहून उभं राहिलं की कुणी बोट लावू शकत नाही," हे म्हणाले. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस आणि इतका भोळा! आपण नियम लिहिले म्हणजे सगळे ते पाळतात, असं ह्यांना मनापासून वाटायचं. कर्म माझं, दुसरं काय.

सहाव्या सोमवारी गाडी आली. बाकीच्यांना हुसकून लावलं आणि ह्यांना उचललं. शिपाई धावत घरी आला आणि त्याने मला सांगितलं, की हे गाडीच्या पायरीवर अडून बसले होते आणि म्हणत होते, "किती वाजता ताब्यात घेतलं ते आधी लिहा." मागून धक्का बसला तेव्हा चष्मा पडला आणि त्याची काडी वाकली. टेप खडूच्या रेघेवर तशीच पडलेली. ती शिपायाने आणून दिली. आरोप काय, तर लोकांना सरकारविरुद्ध चिथावलं. जामिनाची तारीख चार वेळा पडली आणि चार वेळा पुढे गेली.

मावशीला सांगणं भाग होतं. तिच्यापासून लपवणार तरी किती? मी सरळ सांगून टाकलं.

"तुरुंगात?" ती म्हणाली. "पैसे खाल्ले त्याने?"

"नाही हो."

"मग कुणावर हात उचलला?"

"बोर्ड घेऊन उभे होते."

"काही न खाता आत गेला? इतका कसा बावळट हा!" असं ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. मला हसूही आलं आणि रडूही आलं. त्या दिवशी चादरींवरून भांडण झालं नाही.

दहा महिने गेले. मग मावशी न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, तिने अंथरूण धरलं आणि बघता बघता छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "फार तर दोन आठवडे. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या," म्हणाले. बोलवणार कुणाला? एक्याऐंशी वर्षांच्या त्या बाईचं जगात एकच माणूस. तिचंही मागणं एकच. "ढब्बूला एकदा बघू दे." सकाळी डोळे उघडले की, "आला?" मी पेज भरवायला बसले की, "आला?" औषधाला नाही म्हणायची, पण हे विचारायला विसरायची नाही.

भेटीच्या खोलीत मधे काच आणि दोन्हीकडे टेलिफोन. भिंतीवर घड्याळ, खाली बोल्ट मारून पक्कं केलेलं स्टूल. वेळ पंधरा मिनिटं, तीही ह्यांनीच कधीतरी ठरवलेली. मी मावशीचं सांगितलं. ह्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. आणि पहिलं वाक्य काय यावं तोंडातून?

"नियम सतरा. त्यात मावशी नाही."

"मग आई लिहा," मी म्हटलं.

"ती आई नाहीये."

"अहो, जन्म काढला तिने तुमच्यापायी! कोण बघायला बसलंय?"

"अगं, खोटं कसं लिहू? खोटं लिहायचं नाही हे तिनेच शिकवलंय मला."

माझं डोकं फिरलं. "बायको आहे ना तुमच्या यादीत? मग मीच मरते! तेव्हा तरी या!" आवाज इतका चढला की पहारेवाल्याने टेबलावर काठी आपटली. मी फोन दाणकन ठेवला. टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं काढली, पण फोन असा कधी आपटला नव्हता. सात मिनिटं शिल्लक होती, तशीच उठून चालू लागले.

चार दिवसांनी पुन्हा गेले. ह्यांनी एक अर्ज काचेला लावून धरला. 'आजारी व्यक्तीशी नातं' या रकान्यात लिहिलं होतं: आई.

"मावशीला सांगू नकोस मी असं लिहिलंय," हे म्हणाले. "चिडेल ती."

चौसष्ट वर्षांत ह्यांनी कागदावर लिहिलेलं हे पहिलं खोटं. मला इतका आनंद झाला की घरी पोचले ती थेट मावशीच्या खाटेपाशी. "येतोय तुमचा ढब्बू!" मी कुठे थांबतेय? जीभ आहे ना माझी. तिने कंगवा मागितला. त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्याकडून केस विंचरून घ्यायची आणि दाराकडे तोंड करून पडून राहायची.

पाचव्या दिवशी मला तुरुंगाच्या कार्यालयात बोलावलं. अधिकारी पस्तिशीचा, शांत स्वभावाचा. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. उर्मट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्याने फाइल उघडून माझ्याकडे वळवली. ह्यांच्या सेवापुस्तकाचं पहिलं पान. आई: मयत. सव्वीस वर्षांच्या ह्यांचं सुरेख अक्षर.

"वहिनी," तो म्हणाला. वहिनी म्हणाला मेला! "आमच्या प्रशिक्षणात साहेबांनीच शिकवलं होतं. सेवापुस्तकाशी ताडून बघितल्याशिवाय नात्याच्या रकान्यावर सही करायची नाही. मी तरी काय करू?"

"माणसासारखं वागा," मी म्हटलं.

त्याने फाइल मिटली. अर्ज नामंजूर. वर खोटी माहिती दिली म्हणून सहा आठवडे भेट बंद. तो नियमही ह्यांचाच.

घरी आले तर मावशी केस विंचरून तयार. आदल्या रात्रीपासून वाट बघत असल्यासारखी. मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि ते काही बाहेर पडेना. तिच्याशी भांडायची सवय, खोटं बोलायची नव्हतीच. "नाही सोडत त्यांना," मी म्हटलं. "यादीत मावशी नाही."

तिने दाराकडचं तोंड वळवलं. मग म्हणाली, "हो ना. मी तांदूळ निवडत होते."

सगळं आठवत होतं तिला. मी तिचा हात धरला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा धरला असेन. इस्त्रीने भाजलेल्याचे जुने डाग होते हातावर, ते मी कधी नीट बघितलेसुद्धा नव्हते.

"त्याला सांगू नकोस हं, मी वाट बघत होते म्हणून," ती म्हणाली. "जिवाला लावून घेईल."

त्या घटकेला मला त्या अधिकाऱ्याची चीड आली, सरकारची आली आणि ह्यांचीही आली. खरं तेच सांगते, ह्यांची सगळ्यात जास्त आली. ज्या बाईने ह्यांना माणसात आणलं तिला ह्यांनी पेन्सिलीच्या एका रेघेने खोडलं होतं, आणि आम्ही दोघी तिथे बसून हसलो होतो.

तीन दिवसांनी, सकाळी पावणेअकराला ती गेली. मी चमच्याने पाणी पाजत होते. "ढब्बू जेवला का?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, जेवले. दुसरा चमचा घशाखाली उतरला नाही. मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली, मग मोडली आणि ती घालायची तशी घडी घालून पायाशी ठेवली.

शिपाई आला. गाडी, माणसं, सगळं त्यानेच बघितलं. स्मशानातून परतल्यावर घराच्या जिन्यावर मी म्हटलं, "बघा ना, ह्यांना शेवटचं तोंडही दिसलं नाही."

तो कठडा धरून थांबला. "वहिनी, साहेब कुठे आहेत ते तुम्हाला माहीत तरी आहे."

त्याच्या मुलीचा अजून पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी मी मृत्यूची नोंद करायला गेले. जाळीची खिडकी, समोर रांग, आत एक कारकून, त्याच्या कानावर पेन. नाव विचारलं, सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. किती वाजता, कुठे, कशाने. मग त्याने विचारलं, "मयत तुमची कोण?"

मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "सासू."

त्याने लिहिलं. मान वर केली नाही, पुरावा मागितला नाही, सेवापुस्तक काढलं नाही. 'माहिती देणाऱ्याचं मयताशी नातं: सून.' शिक्का मारला, नक्कल माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "चला, पुढचे." एवढंच? एवढ्या सोप्या गोष्टीसाठी ती बाई दाराकडे डोळे लावून गेली? मी तिथल्या बाकावर बसले आणि सगळ्या रांगेसमोर हमसून हमसून रडले. जे तिला तोंडावर एकदाही म्हटलं नाही, ते एका अनोळखी कारकुनाला सांगून आले होते.

सहा आठवडे संपले आणि मी भेटीला गेले. ह्यांना अधिकाऱ्याने निरोप दिला होता, पण नुसता, 'त्या वारल्या.' बाकी काही नाही. हे काचेपलीकडे बसले. निम्मे झाले होते. चष्म्याची वाकलेली काडी दोऱ्याने बांधलेली. फोन उचलून पहिलं विचारलं ते हेच:

"माझी वाट बघत होती का गं?"

"नाही," मी म्हटलं. "गुंगीतच होत्या. कुणाला ओळखत नव्हत्या."

ह्यांचा विश्वास बसला की नाही, मला नाही सांगता येत. मग मी पिशवीतून नोंदीची नक्कल काढली आणि काचेला लावली. हे पुढे वाकले. काचेवर बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले, जसा प्रत्येक कागद वाचायचे तसाच. दुसरा हात सवयीने छातीकडे गेला, खिसा चाचपला. कैद्याच्या सदऱ्याला खिसा नसतो. नाव वाचलं, वय वाचलं, वेळ वाचली. बोट शेवटच्या ओळीवर आलं आणि थांबलं.

मी वाट बघत होते. घड्याळ चालू होतं. शेवटी मलाच राहवेना. "चूक आहे ती, माहितीये मला," मी फोनमध्ये म्हटलं. "काढा चूक. काढा ना."

ह्यांचं बोट त्या ओळीवरून हललं नाही. डोळ्यांतून पाणी चष्म्याखालून गालावर आलं, तेही पुसलं नाही.

"शिक्का जरा वाकडा बसलाय," हे म्हणाले. "बाकी सगळं बरोबर आहे."